कंपनीत इंटरनल ऑडिट नीट कसं बसवायचं: मालक, डायरेक्टर आणि नव्या ऑडिटरसाठी

मी मुख्यतः पुणे आणि आसपासच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचं इंटरनल ऑडिट करतो, फोर्जिंग, मशीनिंग, प्लॅस्टिक मोल्डिंग, दोन-तीन फूड युनिट, असे. आणि एक गोष्ट जवळपास प्रत्येक ठिकाणी बघितली, की गडबड खालच्या दोन-तीन लोकांना आधीपासून माहीत असते. स्टोअरवाल्याला माहीत असतं, गेटवरच्या सिक्युरिटीला माहीत असतं, अकाउंट्समधल्या नव्या मुलाला शंका आलेली असते, फक्त बोर्ड मीटिंगला बसणाऱ्यांपर्यंत ती पोचत नाही. मधे कुणीतरी असतं जो म्हणतो बघू नंतर, साहेबांना आत्ता कशाला त्रास.

कॉर्पोरेट गव्हर्नन्सवर खूप बोललं जातं, पण माझ्या लेखी सगळं येऊन थांबतं ते इथे, की वाईट बातमी न अडता, पातळ न होता, वेळेत वरपर्यंत पोचते का. इंटरनल ऑडिट हा त्यासाठीच बांधायचा रस्ता आहे. व्हाउचर किती तपासले याला माझ्या मते फार किंमत नाही, तो रस्ता उघडा आहे का याला आहे. तो कसा बांधायचा ते खाली क्रमाने लिहितोय, काही पायऱ्या लवकर उरकल्यात आणि काहींवर मुद्दाम जास्त वेळ घेतलाय कारण चुका तिथेच होतात.

पायरी 1: आधी कायदा आपल्याला लागू आहे का बघा

कंपनी कायदा 2013 चं कलम 138. लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेली) कंपनी असेल तर प्रश्नच नाही, इंटरनल ऑडिटर नेमावाच लागतो. अनलिस्टेड पब्लिक कंपनीला चारपैकी एक जरी गोष्ट लागू झाली तरी नेमावा लागतो: मागच्या वर्षी भरणा झालेलं भागभांडवल 50 कोटी किंवा जास्त, टर्नओव्हर 200 कोटी किंवा जास्त, बँका आणि सार्वजनिक वित्तीय संस्थांचं कर्ज वर्षात कधीही 100 कोटींच्या वर गेलेलं, किंवा ठेवी 25 कोटी किंवा जास्त. प्रायव्हेट लिमिटेडला यातल्या दोनच अटी, 200 कोटींचा टर्नओव्हर किंवा 100 कोटींच्या वर कर्ज. कर्जाच्या अटीत "वर्षात कधीही" हे शब्द महत्त्वाचे आहेत, 31 मार्चला लिमिट खाली आणली म्हणून सुटका होत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती प्रायव्हेट कंपन्या या कर्जाच्या अटीतच येतात आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

इंटरनल ऑडिटर सीए असू शकतो, कॉस्ट अकाउंटंट असू शकतो, किंवा बोर्डाला योग्य वाटेल तो दुसरा प्रोफेशनल. कंपनीचा पगारी माणूस चालतो, बाहेरची फर्मही चालते. पण तुमचे स्टॅच्युटरी ऑडिटर हे काम करू शकत नाहीत, कलम 144 मधे स्पष्ट मनाई आहे. "आमचे सीएच सगळं बघतात" असं म्हणणारे मालक मला अजून भेटतात, त्यांना हे आधी सांगावं लागतं. स्टॅच्युटरी ऑडिटर शेअरहोल्डरांना सांगतो की ताळेबंद खरा आणि योग्य चित्र दाखवतो का, आणि ते बहुतांशी होऊन गेलेल्या वर्षाबद्दल असतं. इंटरनल ऑडिटर चालू वर्षात, चालू कामात बघतो की माल, पैसा, सही आणि सिस्टीम ठरल्याप्रमाणे चालतायत का, आणि ते बोर्डाला सांगतो.

तुमची कंपनी या आकड्यांच्या खाली असेल तरी पुढचं वाचा, 40-50 कोटींच्या कंपनीला याची गरज कधीकधी जास्त असते कारण तिथे एकाच माणसाकडे चार कामं असतात.

पायरी 2: रिपोर्ट कोणाकडे जाणार हे पहिल्या दिवशी लिहून घ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

सत्यमचं उदाहरण घ्या, हैदराबादची आयटी कंपनी. 7 जानेवारी 2009 ला चेअरमनने स्वतः बोर्डाला पत्र लिहून कबूल केलं की पुस्तकात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. तिथे ऑडिट कमिटी (हिशोब आणि ऑडिटवर लक्ष ठेवणारी डायरेक्टरांची समिती) होती, नावाजलेले इंडिपेंडंट (कंपनीत हितसंबंध नसलेले) डायरेक्टर होते, मोठी ऑडिट फर्म होती, आणि इंटरनल ऑडिट विभागही होता. पुढे एप्रिल 2015 मधे कोर्टाने ज्या 10 जणांना दोषी ठरवलं त्यात कंपनीच्या इंटरनल ऑडिटचा प्रमुखही होता. म्हणजे खुर्ची होती, विभाग होता, पण बोर्डापर्यंत खरी बातमी नेणारं तिथे काही नव्हतं.

म्हणून नेमणुकीच्या वेळी बोर्डाने ठराव करून एक इंटरनल ऑडिट चार्टर मंजूर करावा. दोन-तीन पानं पुरतात. त्यात लिहायचं की ऑडिटर कामाच्या बाबतीत ऑडिट कमिटीला जबाबदार आहे, रजा, टूर, बिलं असल्या रोजच्या गोष्टींसाठी एमडी किंवा सीएफओ (वित्तप्रमुख) यांच्याकडे. त्याला कुठलंही रेकॉर्ड, कुठलंही गोडाऊन, कुठल्याही सिस्टीमचा फक्त बघण्याचा लॉगिन मागता येईल आणि नकार मिळाला तर तो नकार लेखी कमिटीकडे जाईल. त्याची नेमणूक, फी किंवा पगारवाढ, आणि त्याला काढणं, हे तिन्ही कमिटीच्या मंजुरीशिवाय होणार नाही. ही शेवटची ओळ घालताना बरेच सीएफओ नाराज होतात. पण विचार करा, ज्याच्या पेमेंट अप्रूव्हलवर तुम्ही मुद्दा काढणार आहात तोच तुमची फी ठरवत असेल तर दोन-तीन वर्षांत मुद्दे आपोआप मऊ होत जातात, मुद्दाम कुणी करत नाही, तरी होतात. मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांत हे स्वतःच्या रिपोर्टमधे बघितलंय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑडिट कमिटी कायद्याने लिस्टेड कंपन्यांना आणि ठराविक आकड्यांच्या वरच्या पब्लिक कंपन्यांना लागते (भांडवल 10 कोटी, टर्नओव्हर 100 कोटी, किंवा कर्ज-डिबेंचर-ठेवी मिळून 50 कोटींच्या वर). किमान तीन डायरेक्टर, त्यात बहुसंख्य इंडिपेंडंट. लिस्टेड कंपनीत सेबीच्या नियमाप्रमाणे दोन-तृतीयांश इंडिपेंडंट, चेअरमनही इंडिपेंडंट, वर्षाला किमान चार मीटिंग आणि दोन मीटिंगमधे 120 दिवसांपेक्षा जास्त अंतर नाही.

आणि प्रायव्हेट लिमिटेड असेल, वडील आणि दोन भाऊ एवढंच बोर्ड असेल तर? मग असा एक माणूस शोधा जो रोजच्या धंद्यात नाही. निवृत्त झालेले काका असतील, एखादा नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर असेल, तोही नसेल तर एखाद्या अनुभवी बाहेरच्या माणसाला बोर्डावर घ्या, कायद्याची सक्ती नसली तरी काही आडकाठी नाही. रिपोर्ट एकाच वेळी सगळ्या डायरेक्टरांना गेला पाहिजे. एका भावाकडे प्लांट आणि दुसऱ्याकडे सेल्स असेल आणि रिपोर्ट फक्त एकाला मिळाला तर ऑडिट घरातल्या भांडणाचं हत्यार होतं, मग त्या कंपनीत पुन्हा कुणी ऑडिटरशी मोकळेपणाने बोलत नाही.

पायरी 3: वर्षाचा प्लॅन जोखमीवरून करा, विभागांच्या यादीवरून नको

एप्रिलमधे परचेस, मेमधे सेल्स, जूनमधे पेरोल अशी दर वर्षी तीच गाडी फिरवणं सोपं असतं, पण कुणाला काय कधी येणार हे तोंडपाठ होतं. त्याऐवजी दोन आठवडे फक्त ऐकण्यात घालवा. एमडी, प्लांट हेड, सीएफओ यांच्याशी बोला, पण स्टोअर, डिस्पॅच, गेट, टाइम ऑफिस इथल्या लोकांशीही चहा घेत बोला. सगळ्यांना एकच विचारायचं, इथे काय चुकलं तर कंपनीला सगळ्यात जास्त लागेल, आणि ते चुकलं तर आपल्याला किती दिवसांनी कळेल? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मग प्रत्येक जोखमीला दोन मार्क द्या, होण्याची शक्यता आणि फटका, आणि वरच्या आठ-दहा गोष्टींभोवती प्लॅन करा. एकवटलेली जोखीम मात्र नक्की बघा, म्हणजे एकच ग्राहक, एकच वेंडर, एकच बँक. भांडुपमधे मुख्य ऑफिस असलेल्या पीएमसी बँकेचं 2019 च्या सप्टेंबरमधे काय झालं ते मुंबईतल्या खातेदारांना वेगळं सांगायला नको, एकूण कर्जाच्या 70 टक्क्यांच्या वर रक्कम एकाच बिल्डर ग्रुपकडे अडकलेली आणि ती लपवण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवलेली. रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांसाठी 1,000 रुपये काढता येत होते. तुमची कंपनी बँक नसली तरी प्रश्न तोच, आपलं येणं कुणाकडे किती अडकलंय आणि ते बोर्डाला एका पानावर दिसतं का.

प्लॅनमधे साधारण पाचवा भाग वेळ मोकळा ठेवा, मधेच काहीतरी निघतंच. आणि प्लॅन कमिटीकडून मंजूर करून घ्या, नंतर एखादा विषय काढून टाकायला कुणी सांगितलं तर तेही कमिटीतूनच व्हावं.

पायरी 4: प्रत्यक्ष काम, एक उदाहरण शेवटपर्यंत

पद्धत सांगत बसण्यापेक्षा स्क्रॅपचं उदाहरण पूर्ण घेतो, कारण मशीनिंगच्या कारखान्यात ते रोख पैशाइतकंच नाजूक असतं. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

टेबलावर बसून स्क्रॅपच्या इनव्हॉइस तपासल्या तर सगळं बरोबर दिसतं. इनव्हॉइस आहे, जीएसटी आहे, पैसे बँकेत आलेत. म्हणून उलट बाजूने सुरुवात करायची, स्क्रॅप निघायला किती हवं होतं? ड्रॉइंगवर कट वेट (मशीनिंगआधीचं वजन) 2.4 किलो आणि फिनिश वेट (तयार पीसचं वजन) 1.9 किलो असेल तर पीसमागे अर्धा किलो बोरिंग, म्हणजे धातूचा कीस. महिन्याला 40,000 पीस म्हणजे 20 टन. विकलं किती? 16 टन. चार टनांचा फरक, 30 रुपये किलो धरले तर महिन्याला 1 लाख 20 हजार, वर्षाला 14 लाख 40 हजार. कुणीतरी सांगेल की काही बोरिंग उडतं, सांडतं. पण बोरिंग कूलंटने ओलं असतं, म्हणजे वजन उलट जास्त भरायला हवं.

मग वजनकाट्यावर जा, स्वतः जा, दुसऱ्याने आणलेल्या प्रती बघू नका. स्लिपवर गाडीचं रिकामं वजन बघा. एकच ट्रक सहा महिने दर वेळी किलोपर्यंत तेवढाच भरत असेल तर ते वजन काट्याने दिलेलं नाही, कुणीतरी टाइप केलंय, कारण डिझेल कमी-जास्त असतं, क्लीनर कधी असतो कधी नसतो. स्लिपची वेळ, गेट रजिस्टरमधली बाहेर जाण्याची वेळ आणि इनव्हॉइसची वेळ तिन्ही शेजारी ठेवा. गाडी सव्वाचारला बाहेर गेली आणि इनव्हॉइस साडेपाचचं असेल तर ती तासाभरात कुठे होती? रेटचं बघा, तीन वर्षं एकच स्क्रॅपवाला आहे का, रेट कशाच्या आधारावर ठरतो, सिस्टीममधे रेट टाकण्याचा अधिकार कोणाला आहे.

अजून एक, 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधे ऑडिट ट्रेल म्हणजे एडिट लॉग असणं सक्तीचं आहे आणि तो बंद करता येऊ नये अशी अट आहे. हे आपल्यासाठी फार मोठं साधन आहे आणि कमी वापरलं जातं. एन्ट्री कोणी बदलली, कधी, आधी आकडा काय होता, सगळं तिथे असतं. रात्री अकरानंतरचे बदल, महिना बंद झाल्यावरचे बदल, वेंडर मास्टरमधे (पुरवठादारांच्या माहितीच्या यादीत) बँक खातं बदलल्याच्या नोंदी, एवढे तीन फिल्टर लावून बघा.

बाकी विषयांतही असंच, कागद बरोबर आहे का यावर थांबू नका, दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या गोष्टी एकमेकांशी जुळतात का ते बघा. परचेसमधे अप्रूव्हल लिमिट 50,000 असेल तर 45 ते 50 हजारांमधल्या पीओंची (खरेदी ऑर्डरची) यादी काढा, एकाच दिवशी एकाच वेंडरला तीन पीओ दिसले की पुढचं समजतंच. वेंडरच्या आणि कर्मचाऱ्यांच्या बँक खात्यांचे नंबर एकमेकांशी लावून बघा. लेबर काँट्रॅक्टरच्या बिलावरची माणसं, गेटचं पंचिंग आणि पीएफच्या चलनातली नावं, तिन्ही जुळली पाहिजेत. जॉबवर्कला (बाहेर प्रक्रियेसाठी) पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला का, नाहीतर जीएसटीत तो विक्री धरला जातो. आणि 31 मार्चच्या आजूबाजूचे दहा-दहा दिवस, विक्री दाखवलेला माल एप्रिलमधे परत आलाय का, क्रेडिट नोट निघाल्या का.

दोन सिस्टीम जुळल्या नाहीत तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईतलंच आहे, फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊस शाखेतलं, 2018 च्या फेब्रुवारीत बाहेर आलेलं पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण. परदेशातल्या शाखांना हमीचे संदेश स्विफ्टवरून (बँकांची एकमेकांना संदेश पाठवण्याची आंतरराष्ट्रीय यंत्रणा) जात होते आणि स्विफ्ट बँकेच्या मुख्य सिस्टीमला जोडलेलं नव्हतं, त्यामुळे दिलेली हमी बँकेच्या स्वतःच्या पुस्तकात दिसतच नव्हती. तोच अधिकारी वर्षानुवर्षं त्याच टेबलावर. तो निवृत्त झाल्यावर नव्या अधिकाऱ्याने हमी मागणाऱ्या कंपन्यांकडे शंभर टक्के मार्जिन (हमीइतकी रक्कम आधी जमा) मागितलं आणि तिथून सगळं उलगडलं, आकडा 13,000 कोटींच्या वर गेला. म्हणून माझ्या प्रत्येक ऑडिटमधे एक प्रश्न ठरलेला असतो, नाजूक जागेवरच्या माणसाने शेवटची सलग दहा दिवसांची रजा कधी घेतली आणि तेव्हा त्याचं काम कोणी केलं?

पायरी 5: मुद्दा असा लिहा की वाचणाऱ्याला निर्णय घेता येईल

"स्क्रॅप विक्रीत काही त्रुटी आढळल्या, नियंत्रण सुधारावे." असा मुद्दा लिहिला तर बोर्ड काय करणार? काहीच नाही, पुढचा विषय घेणार.

पाच गोष्टी आल्या पाहिजेत: काय दिसलं, काय असायला हवं होतं, कशामुळे झालं, किती फटका, आणि काय करायचं. म्हणजे: "एप्रिल ते सप्टेंबर उत्पादनानुसार 120 टन बोरिंग निघायला हवं होतं, विक्री 96 टन आहे. 24 टनांचा फरक, अंदाजे 7 लाख 20 हजार. 62 पैकी 41 स्लिपवर रिकामं वजन हाताने टाकलेलं आहे, कारण काट्याची संगणकाला जाणारी वायर आठ महिन्यांपासून तुटलेली आहे आणि दुरुस्तीची मागणी तेव्हापासून प्लांट हेडच्या सहीसाठी पडून आहे."

कारण शोधताना पहिल्या उत्तरावर थांबू नका. काटेवाला टाइप करतो हे पहिलं उत्तर. वायर तुटली हे दुसरं. मागणी आठ महिने पडून हे तिसरं, आणि पडून राहिलेल्या मागण्यांची यादी वर कुणाकडेच जात नाही हे चौथं. बोर्डाच्या कामाचं हे चौथं उत्तर आहे, कारण तेच बाकी दहा ठिकाणीही लागू असतं. काटेवाल्याला काढून टाकलं आणि यादी तशीच राहिली तर पुढचा काटेवाला येईल आणि तोही टाइपच करेल.

उपायही कारखान्यात जमतील असेच सुचवा. काटा सॉफ्टवेअरला जोडणं आणि हाताने वजन टाकायची सोय बंद करणं, दर तिमाहीला किमान दोन स्क्रॅपवाल्यांचे रेट घेणं, इनपुट-आउटपुटचा हिशोब महिन्याच्या पाच तारखेपर्यंत सीएफओकडे. बस्स.

पायरी 6: ड्राफ्ट त्या विभागाला आधी दाखवा, पण मुद्दा विरघळू देऊ नका

रिपोर्ट थेट बोर्डात नेऊन टाकणं अन्यायाचं आहे. समोरच्याला त्याची बाजू मांडायला मिळाली पाहिजे, आणि खरं सांगायचं तर कित्येकदा चूक आपली असते, एखादं रजिस्टर आपल्याला दाखवलंच गेलेलं नसतं. आकडे चुकले असतील तर लगेच आणि मोकळेपणाने सुधारा.

पण आकडे बरोबर आहेत आणि फक्त शब्द मऊ करा, मुद्द्याच्या गंभीरतेचं रेटिंग "हाय" चं "मीडियम" करा अशी मागणी आली तर नियम आधीच ठरलेला हवा: रेटिंग ऑडिटरचं, आणि विभागाला मान्य नसेल तर त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मुद्द्याखाली छापायचं. हे चार्टरमधेच लिहिलेलं असलं की टेबलावर वाद कमी होतात, कुणाला वैयक्तिक वाटत नाही. प्रत्येक मुद्द्याखाली एका माणसाचं नाव आणि एक तारीख पाहिजे. "परचेस विभाग" हे नाव नाही आणि "लवकरात लवकर" ही तारीख नाही.

पायरी 7: बोर्डासमोर एक पान

साठ पानांचा रिपोर्ट कुणी वाचत नाही, डायरेक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यासमोर त्या दिवशी अजून चौदा विषय असतात. पहिल्या पानावर चार-पाच मुद्दे, प्रत्येकी दोन ओळी, पैशात फटका, जबाबदार माणूस, तारीख. खाली जुन्या मुद्द्यांची स्थिती. बाकी सगळं जोडपत्रात.

आणि डायरेक्टरांना मनापासून विनंती, प्रत्येक मीटिंगमधे दहा मिनिटं इंटरनल ऑडिटरशी एकट्याने बोला, एमडी आणि सीएफओंना बाहेर बसवून. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही, पद्धत म्हणून, दर वेळी, म्हणजे कुणाला वावगं वाटत नाही. विचारा की कुठली माहिती मागून मिळाली नाही, कुठला मुद्दा काढायला सांगितलं गेलं का, कुठला मुद्दा तिसऱ्यांदा येतोय. या दहा मिनिटांत जे कळतं ते साठ पानांत नसतं. मी हे ज्या बोर्डात बघितलंय तिथे वर्षभरात विभागांचं वागणं बदललेलं बघितलंय, रेकॉर्ड मागितल्यावर दोन तासांत मिळायला लागतं.

स्टॅच्युटरी ऑडिटरलाही रिपोर्ट द्या. कारो 2020 (स्टॅच्युटरी ऑडिटरने रिपोर्टमधे काय लिहायचं याचा सरकारी आदेश) प्रमाणे कंपनीच्या आकाराला साजेशी इंटरनल ऑडिटची पद्धत आहे का आणि आपण ते रिपोर्ट विचारात घेतले का, हे त्यांना लिहावंच लागतं.

पायरी 8: फॉलोअप, इथेच बहुतेक जण सोडून देतात

एका एक्सेलमधे सगळे मुद्दे: क्रमांक, कधी निघाला, कोणाकडे, तारीख, तारीख किती वेळा पुढे ढकलली, पुरावा काय. "झालं" असं ईमेलवर आलं म्हणून मुद्दा बंद करू नका. पुन्हा जाऊन नमुना तपासा, काटा खरंच जोडलाय का, नवीन 20 स्लिप बघा, मगच बंद. ठरलेल्या तारखेनंतर 90 दिवस उलटलेले मुद्दे नावासकट पहिल्या पानावर जाऊ द्या.

वर सांगितलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणातच बघा, स्विफ्टच्या गैरवापराबद्दल बँकांना ऑगस्ट 2016 पासून किमान तीनदा सावध केलं होतं असं रिझर्व्ह बँकेनेच 2018 मधे सांगितलं. इशारा होता, कागदावर होता. तो अंमलात आला का हे बघणारं कुणी हवं होतं, आणि तुमच्या कंपनीत हे काम या एक्सेलचं आहे.

पायरी 9: फ्रॉड सापडला तर

घाई करू नका, त्या माणसाला जाऊन विचारू नका, टीममधे चर्चा करू नका. कागदांच्या प्रती आणि सिस्टीमचा डेटा आधी सुरक्षित करा, मग थेट ऑडिट कमिटीच्या चेअरमनना सांगा, त्या विभागाच्या प्रमुखाला नाही. पुढे पोलीस, वकील, एचआर हे कमिटी ठरवेल. आपण काय बघितलं एवढंच लिहायचं, "चोरी केली" असं लिहिणं आपलं काम नाही. स्टॅच्युटरी ऑडिटरवर कलम 143(12) खाली वेगळी जबाबदारी असते, 1 कोटी किंवा त्यावरचा फ्रॉड केंद्र सरकारला कळवावा लागतो, त्याखालचा कमिटीला किंवा बोर्डाला, म्हणून त्यांना अंधारात ठेवू नये.

तक्रारीची सोय म्हणजे व्हिजिल मेकॅनिझम लिस्टेड कंपन्यांना, लोकांच्या ठेवी घेणाऱ्यांना आणि बँका किंवा वित्तीय संस्थांकडून 50 कोटींच्या वर कर्ज घेतलेल्यांना सक्तीची आहे. पॉलिसी वेबसाइटवर इंग्रजीत असते आणि तक्रारपेटी एचआरच्या केबिनसमोर कॅमेऱ्याखाली, मग शॉप फ्लोअरवरचा मुलगा त्यात चिठ्ठी कशी टाकणार? पेटी कँटीनच्या वाटेवर किंवा सायकल स्टँडजवळ ठेवा, पोस्टर मराठीत आणि हिंदीत लावा, खाली कमिटीच्या चेअरमनचा ईमेल द्या. आणि पेटी उघडायचं काम कारखान्यातल्या माणसाकडे देऊ नका.

ऑडिटरने स्वतःबद्दल पाळायचं

बऱ्याच कंपन्यांत इंटरनल ऑडिटरकडूनच बिलांचं प्री-ऑडिट करून घेतात, पेमेंटआधी त्याचा शिक्का लागतो. जीएसटीचं रिकन्सिलिएशन, स्टॉक मोजणी, एमआयएस (व्यवस्थापनाला लागणारे अहवाल) बनवणं हेही त्याच्याकडे येतं. काम चांगलंच आहे पण मग त्याचं ऑडिट कोण करणार, स्वतःच्या शिक्क्यावर तो मुद्दा काढेल का? हे काम अकाउंट्सला परत द्या. आंतरराष्ट्रीय मानकांतही हेच आहे, मागच्या 12 महिन्यांत ज्या कामाची जबाबदारी तुमच्याकडे होती त्याचं ऑडिट तुम्ही करू नये. टीममधल्या मुलांनाही तीन वर्षांनी प्लांट बदलून द्या, रोज एकाच टेबलावर जेवण होतं तिथे प्रश्न विचारणं अवघड होतं.

छोट्या कंपनीने सुरुवात कुठून करावी

सगळं एकदम जमणार नाही, जमवूही नका. पहिल्या वर्षी तीनच विषय घ्या: परचेस आणि वेंडर पेमेंट, स्टॉक (जॉबवर्करकडचा धरून) आणि स्क्रॅप. बाहेरची एखादी छोटी फर्म, तिमाहीला सात-आठ दिवस. बँकेच्या पेमेंटला मेकर (एन्ट्री करणारा) आणि चेकर (मंजूर करणारा) वेगळे आहेत का आणि मालकाचा ओटीपी अकाउंटंटच्या मोबाइलवर तर जात नाही ना, हे पहिल्याच आठवड्यात बघून घ्या. नेमणुकीच्या पत्रातच चारही मीटिंगच्या तारखा टाका, तिमाही संपल्यापासून 30 दिवसांच्या आत, आणि ज्या दिवशी रोजच्या धंद्यात नसलेला तो एक डायरेक्टर नक्की येऊ शकतो असाच दिवस धरा.